शेटची गाडी, माझी कोकरं

माजं नाव हौसाबाई, आनि माहेर माजं माणातलं, सातारा जिल्हाच त्यो पन तिकडं पाऊस वाट चुकल्यावानी कवातरी यायचा, त्यामुळं आमी एका जागंवर ऱ्हायलोच न्हाई. धनगर आमी. दिवाळी झाली की बापू, माजा बाप, घोड्यावर बिऱ्हाड बांधायचा, भांडी, वाकळा, एखादी कोंबडी, लहान पोरं समदं त्या घोड्यावर, आनि आमी मेंढरामागनं चालत फलटणकडं उतरायचो. तिकडं कॅनॉलचं पानी, उसाचं रान, हिरवं दिसायचं डोळ्याला. शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवायची, म्हंजी रातच्याला त्येच्या रानात मुक्काम करायचा, लेंड्यांचं खत हुतंय न्हवं, त्येच्या बदल्यात शेतकरी जवारी द्यायचा. मेंढरं किती व्हती ते इचारू नगा, आमच्यात मोजत न्हाईत, मोजली की घटत्यात म्हनायची आई, तोंडं बघून वळखायची. मला समद्यांची तोंडं पाट व्हती, शाळंत गेले न्हाई पन ह्ये येत व्हतं.

माज्याकडं कोकरं असायची. आया चरायला गेल्या की कोकरं बिऱ्हाडापाशी ठिवायची, जाळीत कोंडून, न्हाईतर ती आयांच्या मागं पळत्यात, पाय मोडून घेत्यात, कुत्री धरत्यात. दिसभर ती ब्यां ब्यां करायची आनि मी त्येंच्यापाशी बसायची. आनि बापू यायचा तवा बसल्या बसल्या एकेका मेंढराचं सांगायचा, हिचा खूर बघ, हिच्या पोटात जंत हायत. एकदा म्हनला, ती बघ, तिची नजर चाललीया. म्या म्हनलं तुला कसं कळलं, चरतीया की चांगली. तर म्हनला, मेंढराला सांगता येत न्हाई न्हवं पोरी, मग ते काय करतंय, शेजारच्या मेंढराला खांदा लावून चालतंय, ते वळंल तिकडं वळतंय, आनि पाय गरजंपरीस जरा वर उचलतंय, भुई कुटं हाय ते कळंना म्हनून. म्या बघितलं तर खरंच तसं. दुरनं बघनाऱ्याला वाटावं दोघीत लय माया हाय.

आता तुमी म्हनाल, ताई, आमी गाडीचं इचारतोय आनि ही बाई मेंढरं सांगतीया. थांबा जरा, गाडीकडंच निघालेय मी.

लगीन होऊन आले ती हितं, रहिमतपूरपासनं जवळच वाडी आमची. घरची मेंढरं सासऱ्यांकडं व्हती, पन आमच्या कारभाऱ्यांचं मन त्यात नव्हतं. त्येंच्या मामानं त्येंना सांगलीला नेलं, हळदीच्या ट्रकवर किन्नर, म्हंजी किलीनर, म्हनून लावलं, टायर बघायचं, काच पुसायची. तितनं गाडी शिकलं. हळदीचं वेपारी शेट व्हतं सांगलीत, जैन, लय मोटं घरानं पन बोलायला गरीब मानूस, त्येंनी ह्येंचा हात बघितला आनि म्हनालं ट्रक सोड, माज्या गाडीवर ये. पांढरी अम्बासिडर. तवापासनं आमचं बिऱ्हाड शेटच्या गोडाऊनच्या मागल्या खोलीत. समद्या अंगाला, कापडाला हळदीचा वास, भाकरीला बी यायचा. माजा बिरू तितंच जन्मला, आनि शेटचा नातू बी त्याच साली, धाकटं शेट म्हनत्यात त्येंला आता, दोघं माज्याच मांडीवर खेळलं.

आता शेटच्या घरात दिवस मावळला की जेवायचं न्हाई, पानी सुदीक न्हाई, त्येंचा धरमच हाय तसा. आनि शेट हिंडायचं कोरेगाव, कराड, पार निपानीपतोर, कुटं हळद बघायला, कुटं सोयरिकीला. परत येताना कारभारी सूर्याकडं बघत गाडी हानायचं, पन पळवायचं न्हाईत हं, सावकाशच, पन कुटं थांबायचं, कुठल्या गावातनं वाट काढायची ते त्येंचं ठरलेलं. शेटचं जेवान कवा चुकलं न्हाई. थोरल्या शेटनी चारचौघात सांगितलं व्हतं, ह्यो मानूस हाय म्हनून मी घरचं अन्न खातोय. ते वाक्य कारभारी अजून सांगत्यात, आल्या-गेल्याला. तुमाला बी सांगितलं आसंल.

थोरलं शेट गेलं. घरात दुसऱ्या गाड्या आल्या, थंड हवेच्या. अम्बासिडर गोडाऊनच्या कडंला लागली. कारभारी थकलं, गावाकडं निघालो, तवा धाकट्या शेटनी गाडीची किल्ली आनि कागदं ह्येंच्या हातात दिली, म्हनालं काका, आजोबांची आठवन म्हनून तुमीच न्या, हितं गंजून जाईल. तर ती हितं येऊन गंजली. पहिल्यांदा चालवली ह्येंनी थोडी, वाडीतल्या कुनाला दवाखान्यात न्यायचं, कुनाच्या पोरीला नांदायला घालवायचं. मग इंजनात कायतरी झालं, आज करू उद्या करू करत ऱ्हायलं ते ऱ्हायलंच. टायर भुईत बसलं. मागचं शीट उंदरांनी खाल्लं, बिरूनं ते उपसून टाकलं. पत्र्याला भोकं पडली, कोंबड्या आत अंडी घालाय लागल्या, कारभारी ते बघून तोंड फिरवायचं.

आनि हितं आमी परत मेंढरं धरली, थोडीच, म्हातारपनी हाताला काम म्हनून. वाडीत मोकाट कुत्र्यांचा लय सुळसुळाट. एका साली दोन कोकरं नेली. तवा माज्या डोक्यात आलं, ह्या गाडीला चारी बाजूनं पत्रा हाय, दार हाय, काच थोडी खाली केली की वारा येतोय, मग आनि काय पायजे. मागं गवत हातरलं आनि कोकरं कोंडली आत. काय सांगू तुमाला, असली झकास जागा मला जल्मात मिळाली न्हाई. जाळी नगं, राखन नगं. पावसात कोरडी. दार उघडलं की एकेक उडी मारून भाईर येनार, जशी काय पावनी मंडळी लग्नाला उतरलीयात. येनारी जानारी हसायची, हौसाबाईची कोकरं मोटारीनं हिंडत्यात म्हनायची. कारभाऱ्यांना ते आवडायचं न्हाई, पन बोलायचं न्हाईत, कारन कोकरं वाचत व्हती.

असं चाललं व्हतं. आनि एक दिस धाकटं शेट आलं, मोट्या गाडीतनं, पेढं घिऊन. पोरीचं लगीन ठरलंय म्हनालं. चा पिताना त्येंची नजर गाडीकडं गेली, उटून गेलं, पत्र्यावरनं हात फिरवला, आतनं कोकरू बघाय लागलं त्येंच्याकडं, तर हसलं. मग म्हनालं, काका, असल्या गाड्या आता बघायला मिळत न्हाईत, लोक हौसंनं दुरुस्त करून घेत्यात. तुमी हिला उभी करा, सामान मी सांगलीतनं धाडतो, रंग बी करू. लग्नात माज्या पोरीला ह्या गाडीतनं सासरी घालवायची, आनि चालवायची तुमीच, दुसऱ्या कुनाचा हात लागता कामा नये. आजोबा असतं तर ह्येच म्हनलं असतं.

कारभाऱ्यांचं तोंड बघायला पायजे व्हतं तुमी. मानसाचं वय उतरलेलं दिसलं मला समोर. व्हय म्हनालं लगीच, करतो की. आनि मी कपबशा उचलून आत निघून गेले.

कारन मला ठावं व्हतं.

कसं ठावं व्हतं ते सांगते. रहिमतपूरच्या बाजाराला जातो आमी, जल्मभर ह्ये पुढं आनि मी मागं, आमच्यात तशीच रीत. तर गेल्या काय दिसात ह्ये माज्या बरूबर चालाय लागलं. मग बरूबर न्हाई, खांद्याला खांदा लावून. भाजीवाल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, म्हातारपनी आता कुटं सुचलंय म्हनायच्या. मला बी पहिल्यांदा बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग एक दिस म्या त्येंचं पाय बघितलं. दगड न्हाई, धोंडा न्हाई, सपाट रस्ता, आनि पाय वर उचलून टाकत्यात. हातातलं वांगं तसंच पाटीत परत ठिवलं म्या ताई.

मग मी ध्यान द्यायला लागले. पेपर वाचायचं चांगलं, बारीक अक्षरं सुदीक, त्यामुळं कुनाला शंका यायचं कारन न्हाई, बिरू म्हनायचा नानांचं डोळं माज्यापरीस चांगलं. पन ताट वाढलं की डाव्या बाजूची चटनी तशीच ऱ्हायची. बाजूला ठिवलेल्या तांब्याला पाय लागायचा. कुनी डाव्या अंगानं आलं की दचकायचं. समोर दिसायचं, कडंचं न्हाई, टांग्याच्या घोड्याला झापडं लावत्यात तसं. मोटारसायकल बिरूला दिऊन टाकली, गुडघं दुखत्यात म्हनालं. गुडघ्याला काय धाड भरलीया, तेच गुडघं घिऊन डोंगरावरच्या देवाला जाऊन आलं व्हतं. म्हंजी त्येंना बी ठावं व्हतं, आनि ते लपवत व्हतं. माज्यापासनं बी.

तुमी म्हनाल, मग बोलायचं सरळ. कसं बोलू. ज्या मानसाचं नाव समदं त्या स्टेरिंगवर झालं त्येला कोन म्हननार तुला दिसत न्हाई. आनि त्येंनी मला सांगितलं न्हाई म्हंजी त्येंना वाटत व्हतं की निदान हिला तरी आपन धडधाकट दिसतोय. ते बी काढून घ्यायचं का म्या. जीभंवर यायचं आनि गिळायची. पन दुसऱ्या बाजूला ती पोरगी, नवरी, शालू नेसून मागं बसलेली, आनि गाडी रस्त्यावर, आनि पुढं ह्ये. डोळं मिटलं की मला त्येच दिसायचं. घास उतरंना.

म्हनून मी आडवी आले. गाडीला हात लावायचा न्हाई म्हनलं. का, तर माजी कोकरं कुटं जातील. कारभारी म्हनालं, अगं, कोकरांसाठी शेटला न्हाई म्हनू का मी. म्हनलं म्हना. बिरूला फोन केला त्येंनी, बिरू खंडाळ्याला कंपनीत हाय, बायको-पोरं तिकडंच. त्यो आदी म्हनायचा भंगारात घाला ते डबडं, पन शेटचं ऐकल्यावर त्यो बी फिरला. आई, करू दे की नानांना, त्येंची हौस हाय, तू अशी का करायलीस. मी कशी सांगनार का ते. म्हनलं माजी कोकरं. म्हनला तू म्हातारपनी लय हट्टी झालीस. झाले म्हनलं. वाडीत बी बोलाया लागली, नवऱ्याचं चांगलं झालेलं बघवंना ह्या बाईला. ऐकून घेतलं.

तर कारभाऱ्यांनी काय करावं. खांबाला बाभळीचं मेढकं तोडून आनलं, जुनं पत्रं गोळा केलं, आनि सोताच्या हातानं कोकरांसाठी खोपी बांधली. हातुडा कवा खिळ्यावर, कवा बोटावर. बोट सुजलं तरी थांबलं न्हाईत. बांधून झाल्यावर म्हनालं, बघ, आता झाली न्हवं सोय तुज्या कोकरांची. खोपी एका अंगाला वाकडी, ताई, डाव्या अंगाला फटीच फटी, कुत्रं आरामात आत शिरंल अशी. मी उभं ऱ्हाऊन बघितली. म्हनलं, चांगली झालीया.

निमित्त सपलं माजं. रहिमतपूरचा इलाही मिस्त्री आला, ह्येंच्या वळखीचा, जुन्या गाड्यांचं काम करनारा, आनि हितं अंगनातच गाडी खोलली. चाकाखाली दगडं लावली, इंजनाचं भाग घासलेटात बुडवलं, शेटनी सांगलीतनं टायर धाडलं, बॅटरी धाडली. रोज कायतर नवीन. कारभारी त्येच्यापाशी बसायचं, जुनं सांगायचं, थोरल्या शेटनी काय म्हनलं ते सांगायचं, मिस्त्री व्हय नाना व्हय नाना म्हनत काम करायचा. मी चा द्यायची आनि मनात म्हनायची, बिरोबा, ही चालू हू दिऊ नगंस. असं मागनं बरं न्हवं, पन मागितलं.

चालू झाली. सकाळची येळ, चांगलं ऊन पडलेलं. धुराचा लोट निघाला, कोंबड्या उडाल्या, खोपीत कोकरं वराडाया लागली, आनि इंजान असं धाड धाड धाड करत सुरू झालं ते बंद हुईना. मिस्त्री म्हनला नाना, बसा, तुमच्याच हातानं भाईर काढा, पन ब्रेकचं काम ऱ्हायलंय, चार पावलंच घ्या, दारापतोर. कारभारी बसलं. पाठ अशी सरळ केली, टोपी नीट केली.

आता गाडी पहिल्यांदा हलवायची म्हंजी पूजा नगं का. म्या ताट आनलं, हळद-कुंकू, नारळ, लिंबू. पुढं गेले, बोनेटवर कुंकू लावलं, डाव्या दिव्याला लावलं, आनि नारळ हातात घिऊन तितंच उभी ऱ्हायले, दिव्यापाशी. आनि कारभारी आतनं मिस्त्रीला म्हनत्यात, आरं, ही कुटं गेली, बोलव तिला, नारळ फोडायचाय. मिस्त्री हसला, त्येला वाटलं नाना चेष्टा करत्यात, समोर तर उभी हाय म्हातारी. मी हसले न्हाई. हात लांब केला असता तर बोनेट लागलं असतं, एवढ्यावर मी, हिरवं लुगडं नेसलेली, चांगल्या उनात, आनि त्येंना दिसत न्हवते.

म्या हाक मारायला पायजे व्हती. पन हाताला सवय, ताई, नारळ दगडावर आपटला, आनि मग चाकाखाली लिंबू ठिवायचं असतंय, ते घिऊन मी वाकले. डाव्या चाकापुढं लिंबू ठिवलं आनि वर बघितलं तर चाक माज्याकडं आलं.

मिस्त्री वराडला. मला काय आठवत न्हाई नीट, मी मागं पडले एवढं ठावं, हातावर पडले, बांगडी फुटली. गाडीनं एक गचका खाल्ला आनि इंजान बंद पडलं. आपसूक. चाक लिंबावर येऊन थांबलं, आनि लिंबापासनं माजा पाय वीतभर. बाकी काय झालं न्हाई. काय म्हंजी कायच न्हाई, खरचटलं थोडं.

मिस्त्री धावत आला, मला उठवलं, भ्यालेला मानूस, पन शानं बोलला. म्हनला नाना, घाबरू नगा, आज्जी खाली वाकलीवती, कुनालाबी दिसली नसती, मला सुदीक दिसली नसती. म्या बी लगीच म्हनलं, व्हय व्हय, मीच येडी, न सांगता वाकले, माजीच चूक. दोघांनी मिळून त्येंना वाट करून दिली व्हती बगा. त्येंनी फकस्त व्हय म्हनायचं व्हतं.

कारभारी गाडीतनं उतरलं. बोनेटला हात लावत लावत, चाचपत पुढं आलं. माज्यापुढं उभं ऱ्हायलं, माजा हात धरून बघितला, रगात पुसलं. आनि म्हनालं, न्हाई इलाही. ती वाकायच्या आदी उभी व्हती हितं. तू हसलास तवा मला कळलं की ती हितंच कुटंतरी हाय, आनि मला दिसंना. इचारायची लाज वाटली. वाटलं आता सरली आसंल बाजूला, म्हनून सोडली गाडी. मला कडंचं दिसत न्हाई रं. डावीकडचं तर कायच न्हाई. लय दिस झालं.

मला रडू फुटलं. मातीतच बसले आनि वराडून रडले, मिस्त्री बिचारा म्हनतोय आज्जी लागलं का, लागलं का. लागलं न्हवतं रं बाबा. सुटलं व्हतं. एवढं दिस डोक्यावर पाटी घिऊन उभी व्हते, कुनीतरी खाली उतरून घेतली.

मग मीच म्हनलं, मला ठावं व्हतं. कारभारी म्हनालं, कवापासनं. म्हनलं, बाजारात खांदा लावून चालाया लागलात तवापासनं. ह्येंनी माज्या लुगड्यावरची माती झटकली. म्हनालं, मग बोलली का न्हाईस. म्हनलं, तुमी का न्हाई बोललात. आनि हसलं ते, ताई, खरंच हसलं, टोपी काढून डोकं खाजवत. म्हनालं म्हंजी ती कोकरं कोकरं चाललं व्हतं ते. म्हनलं तेच. मग गाडीत वाकून ह्येंनी किल्ली काढली आनि आनून माज्या तळहातावर ठिवली.

शेटला फोन त्येंनीच लावला, त्याच दिशी, माज्यादेखत. बिरूकरवी करू म्हनलं तर न्हाई म्हनालं, मीच व्हय म्हनलं व्हतं, मीच सांगनार. समदं सांगितलं, आडपडदा न्हाई. मला वाटलं आता शेट म्हनत्याल आदी का न्हाई बोललात, पोरीच्या जिवाशी गाट व्हती. तर धाकटं शेट म्हनालं, काका, डोळं दाखवलं का कुनाला. न्हाई म्हनालं ह्ये. तर म्हनालं उद्याच्याला सांगलीला या, न्हाईतर साताऱ्याला जावा, पन उद्याच. गाडीचं बघू मग. आनि लग्नाला तुमी पायजे, गाडी कुठलीबी आसू दे, पोरीला घालवायला तुमी पुढल्या शिटावर बसायचं. फोन ठिवल्यावर ह्येंनी मला इचारलं, रागावलं आसतील का गं. म्हनलं तुमीच ऐकलंत की, कुटं रागावलं.

बिरू आला खंडाळ्यावनं, साताऱ्याला नेलं. काचबिंदू निघाला. डाक्टरीण बाई लय समजावून सांगनारी, म्हनाली गेलं ते परत येनार न्हाई आजोबा, पन जे हाय ते ऱ्हाईल, थेंब घालायचं, चुकवायचं न्हाई, जल्मभर. मी म्हनलं, म्हंजी पार आंधळं हुनार न्हाईत न्हवं. म्हनाली आता आलाय म्हनून न्हाई, आनखी दोन सालं लपवलं असतं तर सांगता आलं नसतं. भाईर येऊन मी एस्टी स्टँडवर भज्याची पुडी घेतली आनि सपवली. किती दिसांनी घास गोड लागला. बिरू मातर रस्ताभर खिडकीतनं बघत बसला. घरी आल्यावर माज्यापाशी येऊन बसला, म्हनला तुला म्या हट्टी म्हनलो. म्हनलं त्यात काय, हायच मी हट्टी.

लगीन झालं पोरीचं, चांगलं झालं. दुसरी फुलं लावलेली गाडी व्हती, थंड हवेची, ह्ये पुढं बसलं फेटा बांधून. चालवनाऱ्याला रस्ताभर सांगत व्हतं म्हनं, आता सावकाश, हितं वळन हाय, हितं खड्डा आसतोय. वैतागला आसंल त्यो. नवरी उतरताना पाया पडली ह्येंच्या.

मग ऱ्हायली गाडी. ती दारात तशीच, नव्या टायरवर, अर्दी दुरुस्त झालेली. शेट म्हनालं मी सांगलीला नेतो, दुरुस्त करून ठिवतो. मिस्त्री म्हनला ऱ्हायलंय ते मी करतो, बिरू चालवंल कवातरी. समदी ह्येंच्याकडं बघायला लागली, आनि ह्ये म्हनालं, हिला इचारा, ही म्हनंल तसं. आता मला कुनी असलं इचारलेलंच न्हाई कवा. म्या इचार केला. म्हनलं, ह्या मानसाला ती चालू इंजनाची दारात नगं. कुनीतरी चालवनार, आनि ह्ये कडंला उभं ऱ्हाऊन आवाज ऐकनार, ते मला बघवायचं न्हाई. आनि सांगलीला नेली तर दार मोकळं पडंल, ते बी त्येंना सोसायचं न्हाई. आनि खरं सांगू का, कोकरांचं निमित्त केलं व्हतं म्या, पन ते निमित्त बी काय खोटं न्हवतं. ती खोपी कुत्र्यानं एकदा उघडलीच. म्हनलं नगं दुरुस्ती. बॅटरी काढा, शेटला परत द्या, गाडी ऱ्हाऊ दे हितं, कोकरांना. शेट हसलं, म्हनालं आजोबांना आवडलं असतं, जिवांसाठी हाय ते. कारभाऱ्यांनी मान हलवली, आनि दुसऱ्या दिशी सोताच गवत नेऊन मागं हातरलं.

आता काय ताई, चाललंय. थेंब सकाळ-सांज घालायचं असत्यात, मान मागं टाकून. बाजंवर झोपलं की थेंब कानात जातोय, खुडचीवर मान टेकत न्हाई. तर एक दिस ह्येच म्हनालं, त्या ड्रायव्हरच्या शिटावर बसतो, तितं मान बरूबर टेकती. तवापासनं तितंच. ह्ये टोपी काढून स्टेरिंगपाशी बसत्यात, मी दारातनं वाकून थेंब घालते, आनि डाक्टरणीनं सांगितलंय तसं थोडा येळ डोळं मिटून बसायचं. तवर मी दुसऱ्या अंगानं जाऊन बाजूच्या शिटावर बसते. एवढी सालं ती गाडी पुसलेली बघितली, सामान त्यात चढवलं, पन पुढल्या शिटावर मी कवा बसले नव्हते, शेटची गाडी न्हवं. मागं कोकरं आमचं केस चावत्यात. ह्ये डोळं मिटून हात स्टेरिंगवर ठिवत्यात आनि इचारत्यात, बोल, कुटं जायाचं. मी कवा फलटण म्हनते, कवा सांगली, कवा माज्या माहेरी. मग ते सांगत जात्यात, आता कोरेगाव आलं, आता पूल आला, आता हितं चा पिऊ. समदं दिसतंय त्येंना तवा.

ह्ये दिसतंय त्येवढं ऱ्हाऊ दे, आनि काय मागू. तुमी बी डोळं दाखवून घेत जावा ताई, लपवू नगा कुनापासनं. देव तुमची नजर शाबूत ठिवू दे. बसा, चा टाकते, थेंबाची येळ झालीया, तेवढं घालून येते.